ताई न्यूजर्सीत अडकली होती, आता सुटली आहे. तिकडची नागरिक नसताना तिला सरकारी उपचार मिळतील का?

विटाव्याची_धाकटी | ११ जानेवारी २०२६, रात्री ११:४०

नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

माझी मोठी बहीण, वय ४६. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये सहा वर्षं मूल सांभाळायला जायची. नवरा गेलेला, मुलगा माझ्याकडेच वाढला, आता १९ चा आहे. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, न्यूजर्सीला माझ्या लेकीचं बाळंतपण आहे, सहा महिने येतेस का? महिना तीस हजार, इथल्या खात्यात. व्हिजिटर व्हिसा त्यांनीच काढून दिला आणि मुलाखतीत काय बोलायचं तेही पाठ करून घेतलं. आम्हाला वाटलं, सहा वर्षांची ओळख आहे, घरची माणसं आहेत.

चार महिने पैसे आले. मग म्हणाले, तिकिटाचे वळते करून घेतोय. मग तेही सांगेनासे झाले. पासपोर्ट पहिल्याच दिवशी ‘जपून ठेवतो’ म्हणून घेतला होता. स्वयंपाक, दोन मुलं, धुणं, भांडी, आणि झोपायला तळघरात वॉशिंग मशीनच्या शेजारी गादी. रविवारी पाच मिनिटं फोन, तोही स्पीकरवर, शेजारी कोणीतरी बसलेलं. ताई ‘बरी आहे गं’ म्हणायची आणि मी ऐकून घ्यायचे. आमची ताई तोंडाची फटकळ. अडीच वर्षांत ती फोनवर एकदाही माझ्याशी भांडली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये ती बाहेर पडली. किराणा दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या एका गुजराती बाईंनी तिच्याकडे बघून ओळखलं आणि पिशवीत एका नंबराची चिठ्ठी टाकली. आता ती एका संस्थेच्या निवाऱ्यात आहे, सुरक्षित आहे.

खरी काळजी पुढची. तिच्या डाव्या छातीत गाठ आहे. दीड वर्ष झालं म्हणते. एवढे दिवस अंगावर काढलं. मालकिणीच्या लेकीने एकदा कुठल्याशा क्लिनिकला नेलं होतं, पण डॉक्टरशी बोलली तीच. ही माझी मावशी, फिरायला आलीय, असं सांगितलं. ताईला इंग्रजी येत नाही. डॉक्टरने काय विचारलं आणि तिच्या नावावर काय उत्तर गेलं, हे तिला आजही माहीत नाही.

आता संस्थेच्या बाई दवाखान्यात चल म्हणतात आणि ही जात नाही. म्हणते, बिल कोण भरणार? दवाखान्यात नाव लिहिलं की पोलिसांना कळतं. व्हिसा संपून दोन वर्षं झाली. संस्था सांगते की सरकारकडून एक पत्र येईल, मग निर्वासितांना मिळतात तसे उपचार मिळतील. त्यावर ताई म्हणाली, मी काय निर्वासित आहे का? मला घर आहे, विटाव्यात.

परक्या देशाचं सरकार नागरिक नसलेल्या बाईवर खरंच खर्च करतं का? की हे नुसतं धीर देणं आहे? मुलगा म्हणतोय, मावशी, कर्ज काढू, तिकीट काढू, आईला घरी आणू. मी वागळे इस्टेटला पॅकिंगमध्ये आहे, रोज हाच विचार डोक्यात घेऊन कामावर जाते. कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

पारसिक_टेकडी | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, वाचून सुन्न झालो. माझं स्पष्ट मत, त्यांना घरी आणा. तुमच्या रेशनकार्डावर त्यांचं नाव असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, आणि आता कार्डाचा रंग बघत नाहीत. खारघरला टाटाचं केंद्र आहे, विटाव्याहून ऐरोलीमार्गे तासाभरात पोचाल. माझ्या आईची केमो तिथेच झाली. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत उपचार होणं यासारखं दुसरं औषध नाही. तिकीट लागलं तर मी स्वतः हातभार लावतो, संकोच करू नका.

शिफ्ट_ड्युटी | १२ जानेवारी, दुपारी ३:०५

मी नवी मुंबईत कॅन्सर वॉर्डला नर्स आहे. कायद्यातलं मला कळत नाही, गाठीबद्दल लिहिते.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बऱ्याच साध्याच निघतात. पण ४६ वय आणि दीड वर्षाची गाठ म्हणजे आता एक आठवडाही फुकट घालवायचा नाही. क्रम ठरलेला असतो. आधी डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, आणि शंका वाटली तर जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी. कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यावरून गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का, हर-टू नावाचं प्रथिन तिच्यात जास्त आहे का, हे बघतात आणि त्यावर उपचार ठरतात. हे तिकडे झालं काय नि इकडे झालं काय, तपासणी तीच. म्हणून ‘आणायचं की नाही’ हा वाद मिटेपर्यंत तपासणी थांबवू नका.

ताईंना विचारा: गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसते का, बोंडातून काही येतं का, काखेत काही लागतं का? उत्तरं लिहून ठेवा आणि डॉक्टरला तशीच सांगायला लावा. पुढे इथे आणायचं ठरलं तर रिपोर्टच्या कागदांबरोबर बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळेही मागून घ्या, काढलेला तुकडा त्यांतच जपलेला असतो. ते नसले तर इथे पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला लावतात. आमच्याकडे बाहेरून येणारे नातेवाईक इथेच हमखास अडतात.

नौपाडाकर | १३ जानेवारी, पहाटे ५:३०

मी मूळची नौपाड्यातली. गेली अकरा वर्षं न्यूयॉर्क-न्यूजर्सी भागात अशाच सुटका झालेल्या लोकांबरोबर केस वर्कर म्हणून काम करते. वकील नाही, त्यामुळे कायद्याच्या गोष्टी ताईंच्या वकिलाकडून पक्क्या करून घ्या. संस्थेने अजून वकील दिला नसेल तर उद्याच मागा.

संस्था खोटा धीर देत नाहीये. अमेरिकेत २००० साली मानवी तस्करीविरुद्ध कायदा झाला. त्यात लिहिलं आहे की जबरदस्तीने, फसवून किंवा धाक दाखवून राबवलेल्या परदेशी माणसाला सरकारी मदत निर्वासितांना मिळते त्याच मापाने द्यायची. ताईंना कोणी निर्वासित ठरवत नाहीये, हे त्यांना जरूर सांगा. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक लोकांनाही मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यासाठी, पाच वर्षं थांबायला लावलं. निर्वासितांना त्यातून सूट होती. तस्करीतून सुटलेल्यांना त्याच सूटीत घेतलं, इतकंच.

संस्था ज्या पत्राबद्दल बोलते त्याला इथे सर्टिफिकेशन लेटर म्हणतात. ते केंद्राच्या आरोग्य आणि मानवी सेवा खात्याचं तस्करीविषयक कार्यालय देतं, पोलीस देत नाहीत. प्रौढ व्यक्तीला ते मिळायला तीनपैकी एक गोष्ट लागते: तपास यंत्रणेच्या मागणीवरून मिळणारी तात्पुरती राहण्याची परवानगी, किंवा टी व्हिसा, म्हणजे तस्करीतून सुटलेल्यांसाठीचा खास व्हिसा, किंवा टी व्हिसाचा अर्ज प्रथमदर्शनी खरा असल्याचा निर्वाळा. १८ वर्षांखालच्यांसाठी वाट वेगळी आणि सोपी आहे, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

पत्र हातात आलं की न्यूजर्सीत फॅमिलीकेअरचा अर्ज करायचा. इथल्या मेडिकेडचं नाव तेच आहे. काउंटरवरचे कारकून बऱ्याचदा हे पत्र ओळखत नाहीत. ग्रीन कार्ड दाखवा म्हणतात, किंवा संगणकावर परदेशी लोकांची नोंद तपासतात आणि नाव सापडत नाही म्हणून परत पाठवतात. त्या नोंदीत हे पत्र दिसतच नाही. पत्रावर पडताळणीचा फोन नंबर असतो, तिथे फोन करून खात्री करायची असा नियम आहे. मी स्वतः दोनदा काउंटरसमोर उभं राहून तो फोन लावायला लावला आहे. केस वर्करशिवाय ताईंना तिथे एकटं पाठवू नका.

आता एक वाईट बातमी, आणि ती लपवणं बरोबर नाही. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ ऑक्टोबर २०२६ पासून निर्वासित, आश्रय मिळालेले आणि तस्करीतून सुटलेले यांना मेडिकेडमधून वगळलं आहे. ग्रीन कार्ड असलेले आणि आणखी एकदोन गट राहतील. मला याचं फार वाईट वाटतं. पंचवीस वर्षं जे दार उघडं होतं ते आमच्या डोळ्यांदेखत बंद होतंय, आणि ज्यांच्यासाठी उघडलं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांना ते होतं हेही माहीत नव्हतं. मेडिकेडच्या अटीत न बसणाऱ्यांसाठी निर्वासितांची वेगळी वैद्यकीय मदत असते, तीही १२ महिन्यांची होती ती ५ मे २०२५ पासून ४ महिन्यांवर आणली. म्हणून पत्राच्या मागे आत्ताच लागा. मार्चमध्ये आलेलं पत्र आणि सप्टेंबरमध्ये आलेलं पत्र यांत ताईंच्या उपचारांचा फरक पडणार आहे.

पण गाठीसाठी पत्राची वाट बघायची गरज नाही. न्यूजर्सीत एनजेसीईईडी नावाची राज्याची योजना आहे. विमा नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या बायकांची स्तनाची तपासणी तिथे फुकट होते, आणि ती प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे. मॅमोग्राफी तिथूनच सुरू करा. हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर राज्याची चॅरिटी केअर, म्हणजे गरिबांचं बिल माफ किंवा कमी करणारी योजना, आहे. ती उत्पन्न आणि मालमत्ता बघते, नागरिकत्व नाही. ताईंकडे दोन्हींच्या नावाने शून्य आहे, तेव्हा अर्ज भरून द्यायला सांगा आणि आलेलं बिल कोणी घाबरून भरू नका. अचानक त्रास वाढला तर १९८६ च्या कायद्याने कोणत्याही हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला तपासावं लागतं आणि प्रकृती स्थिर करावी लागते, पैसे आहेत की नाहीत हे नंतर.

आणि दुभाषी मागा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला भाषेची मदत विनामूल्य द्यावी लागते. फोनवर मराठी दुभाषी मिळतो. ‘हिंदी चालेल’ असं भिडेपोटी म्हणू नका, छातीच्या दुखण्याबद्दल बाई आपल्या भाषेत जे बोलते ते हिंदीत बोलत नाही. त्या क्लिनिकमध्ये ताईंच्या वतीने दुसरंच कोणीतरी बोललं, हे वाचून मी उठून फेऱ्या मारल्या. डॉक्टरशी खोलीत एकटीने बोलायचा हक्क त्यांना आहे.

@पारसिक_टेकडी, तुमची कळकळ पोचली. पण विमानात बसवण्याआधी वकिलाशी बोलणं फार गरजेचं आहे. टी व्हिसाची एक अट अशी की तस्करीमुळे ती व्यक्ती अमेरिकेतच असली पाहिजे. एकदा निघून गेलं की अर्ज जवळजवळ मोडतो. शिवाय व्हिसा संपून वर्षाहून जास्त राहिलेल्या माणसाला बाहेर पडल्यावर दहा वर्षं परत येण्याची बंदी लागू शकते. टी व्हिसा मिळाला तर चार वर्षं राहता येतं, काम करता येतं. अर्ज करताना मुलगा २१ च्या आत आणि अविवाहित असेल तर त्यालाही बोलावता येतं. तुमचा भाचा १९ चा आहे.

तरीही त्यांना घरीच यायचं असेल तर तेही बरोबरच. फक्त ते ताईंनी ठरवायचं. अडीच वर्षं त्यांनी कधी उठायचं आणि फोनवर किती बोलायचं हेसुद्धा दुसऱ्यांनी ठरवलं.

विटाव्याची_धाकटी | १३ जानेवारी, रात्री १०:२०

तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही. नौपाडाकर, तुमचं सगळं मी ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून दाखवलं, चाळीस मिनिटं लागली. ‘निर्वासित ठरवत नाहीयेत’ तिथे तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

तिची भीती अजून आहे. मालकिणीची लेक निघताना म्हणाली होती, मी एक फोन केला की तुला बेड्या पडतील. मला विचारायचंय, त्या लोकांनी खरंच फोन केला तर? आणि हिला पोलिसांपुढे साक्ष द्यावी लागेल का? ती म्हणते, त्या पोरांना मी अंघोळ घातलीय, त्यांच्या आईविरुद्ध कशी बोलू? भाबडी आहे. पण तिचं मन तसंच आहे, ते मी बदलू शकत नाही.

नौपाडाकर | १४ जानेवारी, पहाटे ६:१०

भाबडं नाही ते. मुलांवर जीव लावलेल्या प्रत्येक बाईकडून मी हे वाक्य ऐकलं आहे.

टी व्हिसाचा अर्ज केलेल्या व्यक्तीची माहिती सरकारने गुप्त ठेवायची, आणि राबवून घेणाऱ्याने दिलेल्या माहितीवर विसंबून तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, असा कायदा आहे. बेड्यांची धमकी हे स्वतःच जबरदस्तीचं लक्षण धरलं जातं. आणि अशा कामासाठी दुसऱ्याचा पासपोर्ट दाबून ठेवणं हा इथे वेगळा गुन्हा आहे. म्हणजे गुन्हा कोणाकडून घडला ते ताईंना नीट कळू दे.

साक्षीबद्दल: तपास यंत्रणेने वाजवी मदत मागितली तर ती करावी लागते. म्हणजे सहसा आधी तक्रार नोंदवणं, मग जबाब. कोर्टात उभं राहायची वेळ प्रत्येक प्रकरणात येत नाही. धक्का इतका मोठा असेल की बोलणं शक्यच नाही, तर त्यातून सूट मागता येते, त्यासाठी समुपदेशकाचं पत्र लागतं. जबाब देताना वकील शेजारी हवा. सरकारी उपचार घेतले म्हणून पुढे कागद अडतील अशी भीती कोणी घातली तर तीही काढून टाका, टी व्हिसाच्या अर्जात ‘सरकारवर बोजा’ हा मुद्दा बघत नाहीत.

आपल्याकडच्या लोकांनी हे आधी केलेलं आहे. कतरिना वादळानंतर भारतातून वेल्डर आणि फिटर मिसिसिपी आणि टेक्सासच्या जहाज गोद्यांमध्ये आणले होते, काही भरती मुंबईतूनच झाली होती. प्रत्येकाने एजंटांना लाखो रुपये दिले होते, ग्रीन कार्डाच्या आशेवर. २००८ च्या मार्चमध्ये ते छावणीतून बाहेर पडले आणि चालत वॉशिंग्टनला निघाले. त्यांतल्या अनेकांना टी व्हिसा मिळाला, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच जणांना मिळून १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई दिली. तेही सुरुवातीला म्हणत होते, आम्ही स्वतःच्या पायाने आलो, आमचं कोण ऐकणार?

एक राहिलं. पासपोर्टसाठी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात अर्ज करता येतो. दूतावासांकडे २००९ पासून अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे, त्यातून तातडीचे उपचार, वकील, परतीचं तिकीट यांना मदत होऊ शकते. तुम्ही ठाण्यातून मदद पोर्टलवर, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर, तक्रार टाकू शकता. पण टी व्हिसाचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा, मगच टाका.

पारसिक_टेकडी | १४ जानेवारी, सकाळी ८:००

मला हे माहीत नव्हतं. मी ज्या घाईने ‘आणा’ म्हणालो, तसं केलं असतं तर मुलाचीही वाट बंद झाली असती. शब्द मागे घेतो. तिकिटाचे पैसे देणार होतो ते भाच्याच्या फीसाठी चालणार असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा. आणि त्यांचं रेशनकार्डावरचं नाव मात्र काढू देऊ नका. इ-केवायसी राहिलं म्हणून नावं कमी होतात. कधीही परतल्या तरी ते नाव उपयोगी पडेल.

विटाव्याची_धाकटी | ३१ जानेवारी, रात्री ९:५०

उशिरा लिहिते आहे. वकीलबाई मिळाल्या. अर्जाचे कागद तयार होत आहेत, पत्राला वेळ लागेल म्हणाल्या, पण ऑक्टोबरची तारीख त्यांनाही डोळ्यांसमोर आहे. दादा, रेशन दुकानात जाऊन आले, नाव आहे. फीचं भाच्याला सांगितलं, तो रडला, नको म्हणाला. पण तुम्ही विचारलंत हे त्याच्या लक्षात राहील.

२७ तारखेला ताईची मॅमोग्राफी झाली, फुकट झाली. मी तिला शिफ्ट_ड्युटी यांचे प्रश्न लिहून पाठवले होते. फोनवर मराठी बोलणारी दुभाषी दिली होती, बहुतेक विदर्भातली असावी. ताई सांगत होती, डॉक्टरीणबाईंनी विचारलं कधीपासून आहे, आणि मी म्हटलं, त्या वर्षी तिकडे आंब्याची पेटी आली होती ना, तेव्हापासून. दुभाषीला कळलं, तिने मे-जून म्हणून सांगितलं. मग ताई कातडी ओढल्यासारखी दिसते तेही बोलली. मला कधी बोलली नव्हती.

सोनोग्राफीत त्यांना बायोप्सी करावीशी वाटली. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. त्या दिवशी मी रात्रपाळी बदलून घेतली आहे. चॅरिटी केअरचा अर्ज संस्थेच्या बाईंनी भरला, सही ताईने स्वतः केली, मराठीत.

नौपाडाकर, एक विचारायचं राहिलं. हॉस्पिटलच्या फॉर्ममध्ये तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं असा रकाना आहे. संस्थेच्या बाई म्हणतात त्यांचं नाव घाला, इथला नंबर असलेला बरा. ताईला माझं नाव घालायचंय. भारतातला नंबर चालतो का?

नौपाडाकर | १ फेब्रुवारी, पहाटे ५:४५

चालतो. आधी +९१ लिहा. दोन्ही नावं घाला, तुमचं वर.